जयसिंगरावांचे पुढचे चार दात

परदेशीपुऱ्यातल्या शेवेच्या एका कारखान्यात जयसिंगराव एकवीस वर्षं लाकडी स्टुलावर बसत आले. त्यांचं काम ऐकलं की लोक हसत. दिवसभर शेव खायची आणि वर पगारही घ्यायचा!

हसणाऱ्यांनी ते काम बघितलेलं नसायचं. कढईतून घाणा निघाला, झाऱ्यावर निथळला, की त्यातली एक काडी जयसिंगरावांपुढे यायची. ते ती पुढच्या दातांत धरत, डोळे मिटत आणि हळूच तोडत. शेव मोडताना जो एवढासा आवाज होतो, त्यात त्यांना सगळं उमगायचं. बेसन भिजवताना कडकडीत तेलाचं मोहन कमी पडलं का, आच चढली का, पीठ जास्त वेळ पडून राहिलं का. ‘जाऊ द्या’ म्हणाले की घाणा पुढे जायचा. ‘थांबवा’ म्हणाले की मालकही तोंड उघडत नसे. आमच्या मानपूरकडे विहीर खणण्याआधी जमिनीवर उभं राहून पाणी सांगणारा माणूस असतो. त्याचा जो मान, तोच या स्टुलाचा.

सात वर्षांपूर्वी त्यांना मुतखडा झाला. म्हशीनं कमरेत शिंग घालून आत फिरवावं, अशी ती कळ. खडा पडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “भरपूर पाणी प्या. त्यात दोन वेळा लिंबू पिळा. तुमच्या प्रकारच्या खड्याला लिंबू अटकाव करतं.”

जयसिंगरावांनी ते ऐकलं. फारच ऐकलं. लिंबानं जिभेवरचा तेलकटपणाही जातो हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि स्टुलाशेजारी लिंबूपाण्याची बाटली आली. एक घाणा चाखायचा, मग एक घोट घ्यायचा, तो तोंडात खेळवून गिळायचा. मग बोटावर मीठ घेऊन दात खसाखसा घासायचे, म्हणजे पुढच्या घाण्याला तोंड कोरं. दिवसाला तीस घाणे. खडा पुन्हा आला नाही. जो भेटेल त्याला ते सांगत, “भिया, नींबू पिया करो. सगळं बरं होतं.”

गेल्या हिवाळ्यात गार पाण्याचा घोट घेतला आणि दातांतून सुई आरपार गेली. आरशात पाहिलं तर पुढच्या चार दातांच्या कडा काचेसारख्या झालेल्या, पलीकडचा अंधार दिसावा इतक्या. मनोरमाबाईंनी नवऱ्याला ओढतच राजेंद्र नगरात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. निधी नाव त्यांचं, वयानं मुलीसारख्या.

“काका, लिंबू किती घेता?”

“दिवसभर. पण दात साफ ठेवतो हं. प्रत्येक घोटानंतर मिठानं घासतो.”

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. “लगेच?”

“लगेच. तेच तर.”

“आंबटानं दाताचं वरचं कवच घटकाभर मऊ पडतं, काका. त्याच वेळी तुम्ही ते मिठानं खरवडत होतात. रोज तीस वेळा.”

“मग आता? परत येतं का ते?”

“नाही येत. आहे ते वाचवू. लिंबू वाईट नाही, खड्यासाठी घ्याच. पण जेवणाबरोबर, दोन वेळा, स्ट्रॉनं. वर साधी चूळ भरा आणि तासभर ब्रश नको.”

घरी उंबऱ्यात चप्पल काढताना जयसिंगराव भडकले. “एक डॉक्टर म्हणतो पी, दुसरी म्हणते असं पिऊ नको, तसं पी. अरे, मग पहिल्यानं का नाही सांगितलं? आता मी काय, मिशा सांभाळत नळीनं पिऊ? लहान पोर आहे का मी?”

“त्यानं दोन वेळा सांगितलं होतं,” मनोरमाबाई म्हणाल्या. “तीस तुम्ही केलेत.”

त्यावर जयसिंगरावांचा राग आणखीच वाढला.

कारखान्यात त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर स्टूल जाणार, आणि स्टूल गेलं तर जयसिंगराव म्हणून उरणार काय? पुढच्या दातांना कळ सोसेना, म्हणून ते शेव दाढेत घेऊ लागले. पण दाढ म्हणजे जातं. तिला भरडता येतं, ऐकता येत नाही. तरी ते डोळे मिटून म्हणत, “जाऊ द्या.” महिनाभर नशिबानं साथ दिली.

मग एका लग्नघरची साठ किलो शेव परत आली. मालकाचा मुलगा धनेश कागदात मूठभर शेव घेऊन स्टुलापुढे उभा राहिला. मागे पीठ भिजवणारी सरला, चेहरा उतरलेला.

“काका, सुतळी आहे की शेव? वहां बुजुर्ग लोग चबा नहीं पाए. मोहन कमी आहे ना? सरलाताई, तुम्ही घरीच बसा आता.”

“भिया, मी मापानंच घातलं होतं,” सरला म्हणाली. “आणि काकांनी पास केलं ना.”

सगळे जयसिंगरावांकडे बघायला लागले. ‘मी चाखली ती काडी बरोबर होती’ एवढं म्हटलं असतं तर त्यांच्या शब्दापुढे कोणी गेलं नसतं. स्टूल राहिलं असतं. सरला गेली असती.

त्यांनी एक काडी उचलली. पुढच्या दातांत धरली. तोडली. कळ थेट डोळ्यांत गेली, पाणी आलं.

“कडक आहे,” ते म्हणाले. “मोहन पाव मापानं कमी. चूक हिची. पण चूक सगळ्यांची होते, म्हणून तर मी इथं बसतो. मला महिन्यापासून कळत नाही. दात गेले माझे. लिंबानं... नाही, माझ्याच शहाणपणानं.”

धनेशनं हातातला शेवेचा कागद मिटला. मग हळू आवाजात म्हणाला, “काका, आधी सांगायचं ना यार.” आणि आपली चूक तिचीच तिला कळावी म्हणून दुपारपासून त्यानं सरलालाच चाखायला बसवलं. जयसिंगराव पॅकिंगकडे.

पहिला घाणा आला. सरलानं काडी तोडली. “ठीक वाटतंय.”

पॅकिंगच्या टेबलावरून जयसिंगराव ओरडले, “वाटतंय म्हणजे काय? मत देतेयस का? परत तोड. हळू. पुढच्या दातांनी!”

तिनं तोडली. ते उठून जवळ आले, मान वाकवून कान लावला. काहीतरी ऐकू आलं, पण दुसऱ्याच्या तोंडातला आवाज त्याच्याच डोक्यात वाजतो, बाहेर येतो तो अर्धा. त्यांनी मांडीवर हात आपटला.

“परत.”

“काका, सहावी आहे. माझं पोट भरलं.”

“माझं एकवीस वर्षं भरलं नाही. तोड.”

तिनं सातवी तोडली. कढईपाशी घाणा खोळंबला होता, आणि जयसिंगराव डोळे मिटून तिच्या गालाशी कान धरून उभे होते.