प्रोसेसरला कूलर

उस्मानपुऱ्यातल्या त्या दुरुस्तीवाल्याला मी एकदाच भेटलो. नाव विचारायचं राहिलं. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. माझ्या मुलीला वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाचं काम दुसऱ्या दिवशी जमा करायचं होतं आणि आमचा संगणक दर दहा मिनिटांनी बंद पडत होता. प्रोसेसर स्वस्तातला. व्हिडिओ पाहून मीच त्याचा वेग वाढवला होता.

त्याने संगणकाची पेटी उघडली, आत नाक घातलं आणि थांबला.

"साहेब, वाळ्याचा वास येतोय."

तापू नये म्हणून झाकण काढून समोर घरचा कूलर लावला होता, असं मी सांगितलं.

"पाण्याचा कूलर? याला?" तो शेजारच्या दुकानदाराकडे वळला. "भाई, सुना क्या? प्रोसेसर को उन्हाळा लग रहा था!"

मुलगी हसली नाही. "काका, काम होईल ना?"

त्याचा चेहरा बदलला. "व्हईल बेटा. बस जरा."

पंख्यात चिकटलेली ओली धूळ त्याने ब्रशने काढली, आतला भाग ब्लोअरने कोरडा केला. प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. मग वेग पूर्ववत केला.

"याला पळवू नका, साहेब. चालू द्या. उशिरा पोचंल, पण पोचंल."

मुलीने तिथेच काम सुरू केलं. तो पंख्याच्या आवाजाकडे कान लावून उभा राहिला. दहा मिनिटं उलटली, मग वीस. मुलीने पडद्यावरची नजर काढली आणि म्हणाली, "बाबा, भूक लागली."

सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.