एक नटसुद्धा देणार नाही

भास्करची चिता अजून पेटलेली होती आणि गिअरबॉक्ससाठी पहिला फोन आला. सकाळी चहा घेताना त्याच्या छातीत कळ आली, नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, आणि दुपारी आम्ही अमरधामात. बायकांनी इथं थांबू नये असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मी वळून नुसतं पाहिलं. कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले होते, तेवढ्यात माझ्या पर्समध्ये ठेवलेला भास्करचा मोबाईल वाजला. "ताई, फार वाईट झालं हो... विश्वासच बसत नाही... आता विमानाचं काय करणार आहात? नाही, घाई नाही काही. पण गिअरबॉक्स एकदम चांगला आहे म्हणतात." मी म्हटलं, "अहो गृहस्था, माझा भाऊ अजून जळतोय." त्यानं तीनतीनदा माफी मागितली आणि शेवटी विचारलं, "मग उद्या करू का फोन?"

पुरवणीसाठी भास्करवर लगेच लिहून द्या, असं संपादकांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं, थोडं थांबा, माझं एक काम व्हायचंय. ते परवा झालं, म्हणून आज लिहायला बसले. देवळाली प्रवरेच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. 'सूड उगवणे' हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करायला पोरांना दर वर्षी द्यायचे, आणि पोरं दर वर्षी त्याच त्या सापाची नि मुंगसाची वाक्यं लिहायची. आता कुणी विचारलं तर माझ्याकडे माझं स्वतःचं वाक्य आहे.

भास्कर माझा धाकटा भाऊ. गरीब स्वभावाचा, मितभाषी वगैरे म्हणायची स्मृतिलेखात पद्धत असते. आमचा भास्कर तसला अजिबात नव्हता. भांडखोर, बडबड्या, मिशीला रोज तेल लावणारा, आणि आपलंच खरं करणारा. इंजिनिअर झाला, राहुरीत ठिबकच्या नळ्यांचा कारखाना काढला, तो चालला, आणि हातात पैसा आल्यावर लोक बंगला बांधतात तसं यानं विमान घेतलं. युरोपातल्या एका छोट्या कंपनीचं, दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढंसं. लाकडी खोक्यांत भरून आलं नि यानं ते महिनोन्‌महिने जोडलं. पाथर्डीकडं आमच्या आजोळचा माळ आहे, कुसळाशिवाय काही न उगवणारा. तिथं धावपट्टी केली, परवानग्या काढल्या, पत्र्याचं शेड उभारलं. वाऱ्याची दिशा कळायला खांबावर कापडी नळकांडं लावलं, त्याला गावानं लगेच नाव दिलं, भास्कररावाचा पायजमा. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली माणसं फाट्यावर जीपची वाट बघत उभी असायची, तेव्हा हा वरून जाताना पंख एकदा इकडं, एकदा तिकडं कलवायचा. बाया खालून पदर हलवायच्या. मी त्याला म्हणायचे, "अरे शहाण्या, त्यांचं सगळं बिऱ्हाड डोक्यावर आणि तू वर मजा करतोस, लाज वाटत नाही?" तर म्हणे, "आक्का, जाताना कुणीतरी टाटा करायला नको का?"

आता तुम्हाला थोडं विमानाचं सांगायला हवं. ते काही मोटारसायकल नाही की नगरला कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडं टाकली आणि झालं काम. प्रत्येक पार्ट कंपनीचा लागतो, आणि पार्टापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कंपनीचा कागद लागतो; कागद नसला की उडवायचा परवाना पुढं वाढत नाही. कंपनी सातासमुद्रापार आणि आपल्याकडं तिचा एकच एजंट, पुण्यात. त्याचं नाव छापायला संपादकांच्या वकिलांनी मनाई केली आहे, म्हणून मी त्याला प्रतिनिधीसाहेब म्हणते. ओळखणारे ओळखतील, आणि त्यांनी ओळखावं अशीच माझी इच्छा आहे. तर अशा वेळी ही विमानवाली मंडळी एकमेकांना धरून असतात. देशभरात विखुरलेली, कुणी चहामळेवाला, कुणी निवृत्त कर्नल, कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टर उल्काताई. मोबाईलवर त्यांचा ग्रुप. कुणाचं इंजिन गरम होतंय, कुणाला कुठला रबर मिळत नाही, दिवसभर तेच. वर्षातून एकदा सगळे आमच्या माळावर उतरायचे, येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी ओरपायचे, नाकातोंडातून पाणी काढत "भास्करराव, तुमच्यामुळं आम्ही उडतोय" म्हणायचे. माझी भावजय सुनंदा चुलीपुढून उठायची नाही. तिच्या हातचं खाल्लेलं एकेक तोंड माझ्या लक्षात आहे.

एकदा विमान धुताना पुढच्या चाकाच्या ब्रॅकेटला भास्करला केसाएवढी चीर दिसली. त्या ब्रॅकेटवर विमानाचं नाक तोललेलं असतं. उतरताना तो तुटला तर विमान नाकावर उलटणार, आत माणसं. त्यानं प्रतिनिधीसाहेबांना फोटो पाठवले. उत्तर आलं, तुम्ही विमान आदळता, चूक तुमची. भास्करच्या उतरण्याला कुणी नाव ठेवलेलं त्याला कसं सोसणार! त्यानं तिथल्या तिथं ग्रुपवर फोटो टाकले आणि सगळ्यांना बजावलं, आधी चाक उघडा, मगच उडा. आणखी चौघांकडं तीच चीर निघाली. उल्काताई दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन उडणार होत्या. त्यांचा ब्रॅकेट तर हातातच आला. बातमी परदेशी गेली, कंपनीला मुकाट्यानं सगळ्यांना नवे ब्रॅकेट द्यावे लागले, आणि प्रतिनिधीसाहेबांचं नाक कापलं गेलं.

मग साहेबांनी डाव साधला. नवे ब्रॅकेट यायला वेळ लागत होता, तेवढ्यात भास्करनं नगरच्या एमआयडीसीत उत्तम पोलादाचा एक करवून घेऊन बसवला होता. कंपनीचा येईपर्यंत तात्पुरता, आणि तसं त्यानं स्वतःच कळवलंही होतं. साहेबांनी तेवढंच धरलं. मालकानं परवानगीशिवाय बदल केला, सबब या विमानाला कंपनीचा सपोर्ट बंद. ब्रॅकेट नाही, पार्ट नाही, कागद नाही. ज्यानं चीर शोधली त्याचं एकट्याचं विमान जमिनीवर! आणि ग्रुपवाले? त्यांना साहेबांनी सांगितलं, ज्यांना सपोर्ट हवाय त्यांनी असल्या माणसाची संगत ठेवू नये. एका संध्याकाळी भास्करला ग्रुपमधून काढून टाकलं. कर्नलनं काढलं. एकही जण बोलला नाही. उल्काताई तेवढ्या स्वतःहून बाहेर पडल्या. भास्कर मोबाईलकडं बघत बसला होता, मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "काही नाही आक्का... मला उतरवलं." भांडखोर माणूस, वाटलं आता फोन करून एकेकाची सालटी काढेल. त्यानं मोबाईल उलटा ठेवला आणि जेवायला बसला. मला त्या दिवशी त्याची भीती वाटली.

त्यानंतर वर्षं गेली. तो अर्ज करायचा, पुण्याला जाऊन बसायचा, साहेब मीटिंगमध्ये. मागणी एवढीच होती, बसवलेला ब्रॅकेट सुरक्षित आहे, असं एका ओळीचं पत्र द्या. तपासून घ्या, कापून बघा, पण पत्र द्या. नाही दिलं. रविवारी हा माळावर जायचा, इंजिन चालू करायचा, शेडपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत विमान जमिनीवरूनच न्यायचा नि परत आणायचा. गावातली माणसं तोंडावर हसायची नाहीत, पण किसन, आमचा माळ राखणारा, एकदा मला म्हणाला, "आक्का, मालक इमान बैलावानी फिरवून आनत्यात. बघवत न्हाई वो." ज्याला हार्ट अॅटॅक म्हणतात तो भास्करला त्या सकाळी आला, असं डॉक्टर म्हणोत. माझं मत वेगळं आहे.

तेराव्याला प्रतिनिधीसाहेब आले. पांढरे कपडे, हातात भलामोठा हार. फोटोला हार घातला, दोन शब्द बोलतो म्हणाले नि बोलले, "भास्करराव आमच्या परिवारातले होते." जेवणं झाल्यावर मूळ गोष्ट बाहेर आली. कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय, पार्ट आता जगात कुठंही बनत नाहीत, ग्रुपमधली निम्मी विमानं पार्टांवाचून उभी आहेत, आणि भास्करचं विमान वर्षानुवर्षं न उडाल्यामुळं आतून कोरं. तर त्याचे पार्ट सुटे करून सगळ्यांना वाटू. "त्यांच्या आठवणीसाठी हो." सुनंदानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आक्का, तुमीच काय ते ठरवा. मी ठरवायला गेले तर माझ्या हातून काहीतरी वंगाळ व्हईल."

मी उल्काताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बदल केलेल्या विमानाचे पार्ट दुसऱ्याला वापरताच येत नाहीत. आधी ते विमान निर्दोष आहे असं कंपनीचं पत्र लागेल. माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. मी साहेबांना कळवलं, पत्राशिवाय एक नटसुद्धा देणार नाही. मग गंमत सुरू झाली. भास्करला पत्र मिळेना तेव्हा ज्यांच्या तोंडाला कुलूप होतं, ते आता आपापल्या गिअरबॉक्ससाठी साहेबांच्या दारात जाऊन बसले. कर्नलनं तर वकिलाची धमकी दिली म्हणे. साहेबांनी विचार केला असणार, विमान आता मोडीतच निघणार आहे, पत्र देऊन आपलं काय जातंय? आणि एका दुपारी आलं की पत्र! विमान सुस्थितीत, बसवलेला ब्रॅकेट सुरक्षित, उड्डाणास हरकत नाही, खाली सही, शिक्का. ते वाचून मी रडले, खोटं कशाला सांगू. एका दुपारचं काम होतं ते... एका दुपारचं.

डोळे पुसले आणि सुनंदाला गाडीत घातलं. तिच्या सहीनं विमान उल्काताईंच्या नावावर केलं. परवान्याची तपासणी झाली, पास झालं. हे सगळं चालू असताना मी सगळ्यांना गोड आवाजात सांगत होते, जरा कागदपत्रं व्हायचीत, या म्हटलं की या. आणि परवा सगळ्यांना माळावर बोलावलं. आले! गाड्या भरून आले, पान्यांच्या पेट्या, खोकी, गुंडाळायला स्पंज. साहेबही आले, फोटो काढायला माणूस घेऊन. किसन धावत आला, "आक्का, ह्यांनी तर कसायावानी हत्यारं आनल्यात!" मी म्हटलं, "असू दे. त्यांना आमटी वाढ." सुनंदानं मात्र ह्या वेळी चूल पेटवली नव्हती, आमटी हॉटेलातली होती.

ती ओरपून होईपर्यंत उल्काताईंनी शेडचं दार सरकवलं, आत जाऊन बसल्या, इंजिन सुरू केलं. कर्नल म्हणाला, "खोलायच्या आधी गरम करताय का?" विमान त्यांच्या पेट्यांसमोरून गेलं, माळाच्या टोकाला वळलं, धावलं आणि उठलं. अख्खंच्या अख्खं. भास्करच्या ब्रॅकेटसकट. उल्काताईंनी एक फेरी मारून पंख हलवले आणि कोल्हापूरच्या दिशेनं गेल्या. सुनंदा एकटीच टाळ्या वाजवत होती, बाकी सगळे वर माना करून उभे, हातात पाने. साहेब माझ्या अंगावर आले, "ही फसवणूक आहे, बाई! पत्र दिलं की पार्ट देणार म्हणाला होतात!" मी म्हटलं, "पत्राशिवाय एक नटसुद्धा देणार नाही, असं म्हणाले होते. पत्र दिल्यावर देईन, असं कधी म्हणाले? दाखवा बरं." आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. भास्कर नव्हता बघायला, हा सल जाणार नाही, पण बरं वाटलं ते वाटलंच.

काल संध्याकाळी भास्करचा मोबाईल वाजला. ग्रुपवाल्यांनी त्याचा नंबर पुन्हा ग्रुपमध्ये घेतला होता. खाली कर्नलनं लिहिलं होतं, झालं गेलं विसरून जाऊ, भास्करराव कायम आमच्यात राहतील. सुनंदा म्हणाली, "बंद करा तो फोन, आक्का." मी बंद केला नाही, चार्जिंगला लावला. आज सकाळी त्या ग्रुपवर फुलांचे नि सूर्योदयांचे नमस्कार सुरू झाले, तेव्हा मीही भास्करच्या नावानं त्या पत्राचा फोटो टाकला. उद्याही टाकणार आहे. परवाही. जोवर माझी बोटं चालतात तोवर रोज. काढून दाखवा म्हणावं आता त्याला.