पाच मारी आणि एक ताट तांदूळ

नावांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते इथल्या धुळीसारखे असतात, खिडकी बंद ठेवा, तरी आत! मी इथं आखातात, अल कुसैसमधल्या एका ऑफिसात बावीस वर्षं व्हिसाचे फॉर्म भरतोय. शाळा आठवीपर्यंत, पण नावं वाचून वाचून जग बघितलं. त्यात डिझाइन सेक्शनला फ्रेंच मादाम आल्या आणि मी गारच पडलो.

*

मादामचं नाव मारी-हेन्रिएट. मी सवयीनं नवऱ्याचं आडनाव ठोकून दिलं. काउंटरवरून फॉर्म परत! पासपोर्टावर ठसठशीत बापाचं आडनाव.

हळूच विचारलं, "मादाम, साहेबांशी बिनसलंय का?"

त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "नहीं बापू, घर पे प्याज काट रहा है. चालीस साल से!"

तिकडे कायद्यानं बाईचं जन्माचं आडनाव शेवटपर्यंत तिचंच. नवऱ्याचं हवं तर वापरा, नको तर राहू द्या. आहे की नाही कमाल?

*

घरी येऊन हिला विचारलं, "तुझं माहेरचं आडनाव आठवतं का गं?"

"आठवतं की. तुमचं विसरायचा प्रयत्न चाललाय!"

खलास!

*

पूर्वी मादामच्या गावात बाप्तिस्म्याला जी बाई बाळाला हातात धरी, तिचंच नाव मुलीला. नाहीतर घरातल्या कुणाचं, म्हणजे आजोबा हेन्री, तर नात हेन्रिएट. आणि नावाआधी मारी बहुतेकींना! एकदा लंच टाइमला मादाम गावच्या बायकांशी व्हिडिओ कॉलवर होत्या. मी मध्येच मुंडी घालून ओरडलो, "मारी!"

पाच म्हाताऱ्या एकदम वळल्या! त्यातली एक ठार बहिरी, असं मादाम नंतर म्हणाल्या.

*

आमच्या ऑफिसातली मृण्मयी इथंच वाढलेली. लग्न ठरलं आणि सासूबाईंनी जाहीर केलं, "सुनेचं नाव आर्या ठेवणार." पोरगी माझ्या टेबलाशी येऊन रडली.

"डिग्री, लायसन्स, सगळं मृण्मयी आहे. आय ॲम नॉट अ पासवर्ड, काका!"

मी म्हटलं, "बघू, इन्शाल्ला." माझ्या हातात काय होतं?

*

लग्न अजमानच्या हॉलमध्ये झालं, गृहप्रवेश अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये. मादाम साडी नेसून आलेल्या. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलानं अंगठी हातात घेतली. आता त्यानं बायकोचं नवं नाव लिहायचं.

सासूबाई मादामना अभिमानानं म्हणाल्या, "आमच्यात असंच असतं. माझंही बदललं, माधुरी ठेवलं."

मादामनी विचारलं, "पहले क्या था?"

सासूबाईंना ऐकू गेलं नसेल म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं मराठीत सांगितलं, "वहिनी, मादाम विचारतायत, आधीचं नाव काय तुमचं?"

मृण्मयीनं डोळे मिटून घेतलेले.

"आई, लिहू ना?" मुलगा म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्या हातातली अंगठी काढून घेतली. ताट स्वतःकडे ओढलं आणि सावकाश लिहिलं, 'मृण्मयी'. मग थोडी जागा सोडून खाली आणखी एक नाव. 'कुसुम'.

मुलगा वाकून वाचत म्हणाला, "आई, ही कुसुम कोण?"

सासरे उपरण्याच्या गाठी सोडवत बसले. उपरण्याला एकही गाठ नव्हती.