कुरडयांच्या दिवसांतलं बाळंतपण

दुसऱ्या खेपेला मी माहेरी जायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. माझ्या वहिनीची वेळ नेमकी त्याच सुमाराला आली आणि आईने भावाबरोबर निरोप धाडला की, एका घरात दोन बाळंतिणी मला झेपायच्या नाहीत, तुझं तिकडंच होऊ दे. निरोप सांगताना भावाचा चेहरा पडला होता. मला मात्र मनातून सुटल्यासारखं झालं.

पहिलं बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं होतं. तिथे मला कुणी वाकडं बोललं नाही, सगळं नीट पार पडलं, मुलगी छान झाली. पण त्या ओळीने मांडलेल्या खाटांमध्ये मी दिवसभर एकटी होते. आई बाहेर व्हरांड्यात. खिडकीच्या काचांना पांढरा रंग दिलेला, त्यामुळे बाहेर ऊन आहे की संध्याकाळ झाली तेही कळत नव्हतं. माझ्या बाळंतपणात मी सोडून सगळ्यांना काहीतरी काम होतं, असं मला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ती मधली वर्षं. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि आमचे हे तिथे वाफेच्या नळांवर फिटर म्हणून लागले होते. आम्ही चिंचवड गावात एका शेतकऱ्याच्या घराला लागून दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढे अंगण, मागे गोठा, आणि थोडं खाली उतरलं की पवना. मला आठवा लागला तशा माझ्या सासूबाई गावाहून एस्टीने आल्या. बरोबर डिंक, खारीक, अळीव आणि जुन्या लुगड्यांचं एक मोठं गाठोडं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. गाठोडं खाली ठेवायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं की आता स्वयंपाकघरात त्या म्हणतील तसं व्हायचं. मी मान डोलावली. त्यांचा मला जरा धाकच होता.

ह्यांचं म्हणणं होतं, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नाव घालू. आत्याबाईंचं म्हणणं होतं, घरात धडधाकट बाई असताना दवाखाना कशाला? मला न विचारताच दोघं माझ्याबद्दल बोलत होती. शेवटी घरमालकीणबाई म्हणाल्या की गावातल्या सुईणमावशींना एकदा दाखवा तरी. निम्म्या गावाची नाळ त्यांनीच कापली आहे.

मावशी आल्या त्या पायरीवरूनच बोलत आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड हाताच्या, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. हाताला तेल लावून त्यांनी माझं पोट चाचपलं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, मूल सरळ आहे, घाबरायचं काही नाही. पण वेळेला काही वेगळं दिसलं, तर तुमच्याआधी मीच गाडीत बसेन पुण्याला जायला. तेवढं ऐकून ह्यांनी पुण्याचा विषय सोडला.

मग मावशींनी ह्यांना आणि आत्याबाईंना बाहेर घालवलं आणि माझ्यापुढे मांडी घालून बसल्या.

"आता सांग, तुला काय पायजे?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, म्हणजे काय मावशी?

"मंजी, बाळात तू होणार हायेस. मी न्हाई, तुपली सासू न्हाई. तुला कसं बरं वाटंल, ते इचारते."

मला एकदम रडू आलं. मग मी सांगितलं की एक तर खिडकी उघडी हवी, आणि कुणीतरी पाठीशी बसलेलं हवं, अगदी पाठीला टेकून.

खिडकीवरून आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं. बाळंतिणीला वारा लागतो, हे काय मुंबईचं बंगल्याचं घर आहे का, असं सगळं झालं. मावशींनी तोड काढली: मूल बाहेर येईपर्यंत खिडकी उघडी, मूल आलं की बंद, आणि मग सव्वा महिना तुम्ही म्हणाल तशी बंद. आत्याबाईंना ते पटलं.

त्यानंतर तयारी सुरू झाली आणि तीत सगळ्यांत जास्त उत्साह ह्यांना. कारखान्यात बाटल्या वाफेत धुतात, माणसं हात घासून घासून आत जातात, हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांनी खोलीला स्वतः चुना दिला. आत्याबाईंनी लुगडी फाडून बाळोती केली, ती ह्यांनी उकळली. वाळली, तर परत उकळली. दोरा उकळला, कात्री उकळली. एकदा कामावरून येऊन बघतात तर आत्याबाईंनी दुपट्याला नवा काठ लावलेला. तेही गेलं पातेल्यात, आणि काठाचा लाल रंग उतरून सगळी बाळोती गुलाबी झाली. आत्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र ती गुलाबी बाळोती फार आवडली.

मावशींनी छताच्या वाशाला दोर बांधायला सांगितला होता, कळा देताना धरायला. ह्यांनी दोराऐवजी लोखंडी नळी आणली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पक्की बसवून टाकली. मावशींनी ती दोन्ही हातांनी धरली, पाय उचलले आणि लोंबकळून पाहिलं. नळी हलली नाही. मग त्या तिथेच लोंबकळत हसायला लागल्या आणि त्यांचं हसणं पाहून आमची तीन वर्षांची मुलगी त्यांच्या पायांना लोंबकळली.

एकाच गोष्टीवरून बिनसलं. ह्यांनी मावशींना सांगितलं की त्या दिवशी नखं कापून या, हात साबणाने घासा आणि बांगड्या काढून ठेवा. नखं कापते, हात घासते, म्हणाल्या. बांगड्यांचं ऐकलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"मपला मालक जित्ता हाय. बांगड्या उतरवायच्या आसतील तर दुसरी सुईण बघा."

ह्यांचा चेहरा गोरामोरा झाला. त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी हात जोडून माफी मागितली. मावशी लगेच निवळल्या. थोडा विचार करून म्हणाल्या, बांगड्या वर कोपरापाशी सारते आणि तुमच्या त्या उकळलेल्या फडक्याने घट्ट बांधते, चालेल का? हे म्हणाले, उत्तम चालेल. जाताना त्यांनी ह्यांच्याकडून कारखान्यातला तो वासाचा साबण मात्र मागून घेतला.

चैत्र लागला. आत्याबाईंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले. मी म्हटलं, आत्ता कशाला? तर म्हणाल्या, एकदा तू बाजेवर पडलीस की उन्हाळा निघून जाईल. चीक काढून झाला आणि एका सकाळी अंगणातल्या चुलीवर तो शिजवायला घेतला. शिजणारा चीक क्षणभर सोडता येत नाही, सारखा घोटावा लागतो. आत्याबाई पाणी ओतत होत्या, मी घोटत होते. पाठीत एक कळ आली. मी थांबले, तर त्या म्हणाल्या, थांबू नको, गाठी होतील. थोड्या वेळाने दुसरी आली.

मी म्हटलं, आत्याबाई, पाठ दुखतेय. त्या म्हणाल्या, चीक घोटून सगळ्यांचीच दुखते.

तिसऱ्या वेळी मी पळी सोडून चुलीपाशी खाली बसले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ह्यांना हाक मारली. ह्यांची दुसरी पाळी होती म्हणून घरीच होते. ते सायकल काढून निघाले. घरमालकीणबाईंनी मुलीला आपल्याकडे नेलं.

पुढचं मला नंतर कळलं. मावशी घरी नव्हत्या. चिखलीला भाचीच्या हळदीला गेल्या होत्या. हे तसेच चिखलीला. मांडवात बायकांची गर्दी, मावशींच्या गालाला हळद. बैलगाडी जुंपेपर्यंत वेळ जाईल म्हणून ह्यांनी मावशींना सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसा म्हटलं. त्या जन्मात कधी सायकलवर बसल्या नव्हत्या. भाचीने वर चढवलं, कुणीतरी पदर खोचून दिला, आणि सगळा मांडव बघायला रस्त्यावर आला. वाटेत चढ आला की मावशी उतरून पुढे चालायला लागायच्या आणि मागे वळून ह्यांना सांगायच्या की, दादा, जरा पाय उचला.

इकडे आम्ही दोघीच. माझी कळ गेली की मला अगदी बरं वाटायचं. चीक निवत चालला होता, आणि गार झाला की कुरडई पडत नाही. मी म्हटलं, आत्याबाई, सोऱ्या द्या इकडे. त्या नको नको म्हणत होत्या, पण मी बाजेवर पसरलेल्या धोतरावर कुरडया घालायला लागले. कळ आली की बाजेचा कठडा धरायचा, गेली की सोऱ्या धरायचा. एकदा कळ जरा जोराची आली. मी आत्याबाईंचा हात धरला आणि तो थंडगार होता.

"सूनबाई, मला यातलं काही येत नाही गं," त्या म्हणाल्या. "माझी चार झाली, पण मी डोळे मिटून घ्यायची. दुसऱ्या कुणाचं मी कधी बघितलंसुद्धा नाही."

घरात आल्यापासून ज्या बाई सगळं माहीत असल्यासारख्या बोलत होत्या, त्यांनी हे सांगावं याचं मला नवल वाटलं. मला त्यांचा राग आला नाही. उलट तोवरची माझी भीती गेली. मी म्हटलं, तुम्हाला काही करायचं नाही, फक्त माझ्या पाठीला टेकून बसा. त्या माझ्या मागे येऊन बसल्या, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून. आम्ही सासूसुना तोवर इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

मावशी आल्या तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो, एकीच्या मागे एक. मावशींनी बाजेवरच्या कुरडया पाहिल्या, तपासून मला म्हणाल्या की अजून अवकाश आहे, आणि वाटीभर चीक दुधात घालून मागितला. हळदीचं जेवण त्यांचं राहूनच गेलं होतं. तो खाऊन त्यांनी हात घासले, बांगड्या वर सारून बांधल्या आणि मला आत नेलं.

खिडकी उघडी होती. नदीकडून वारा येत होता, बाहेर ऊन किती वर चढलंय ते दिसत होतं. आत्याबाई पाठीशी होत्या. मी नळी धरली. मावशी सबंध वेळ हळू आवाजात बोलत होत्या, कधी माझ्याशी, कधी पोटातल्या मुलाशी. त्याला म्हणत होत्या की ये बाबा, ऊन लई छान पडलंय. शेवटी शेवटी मी ओरडले असेन, ते मला आठवत नाही. आत्याबाई माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या एवढं आठवतं. दुपार कलायच्या आत मुलगा झाला. या वेळी आत्याबाईंनी डोळे मिटले नाहीत. नाळ कापून होईपर्यंत सगळं पाहिलं आणि मग उठून आपल्या हाताने खिडकी लावली.

ह्यांना बाहेर निरोप गेला तेव्हा ते अंगणात उरलेल्या चिकाच्या कुरडया घालत बसले होते. त्या इतक्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या की वर्षभर डब्यातून निघाल्या की ओळखू यायच्या. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत.

संध्याकाळी घरमालकीणबाई मुलीला घेऊन आल्या. ती दारातच थबकली. मी गुलाबी बाळोत्यात गुंडाळलेलं बाळ दाखवलं, तरी पुढे येईना. मावशी दोरीवर धुतलेलं वाळत घालत होत्या. मुलीने त्यांना विचारलं, हे कुणाचं आहे?

"तुपलं," मावशी म्हणाल्या.

माझ्या मुलीला तो शब्द नवा होता. तिने त्याचा अर्थ मला विचारला, मी सांगितलं, तुपलं म्हणजे तुझं, आणि तिने ते अगदी खरं मानलं. मग बाराव्या दिवसापर्यंत बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईने आधी तिला विचारायचं, असा तिने नियम करून टाकला, आणि आत्याबाईंनीही तो मोडला नाही.