आतून गुलाबी

टिल्लू सर पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या तोंडात दगड होता. खोटं नाय सांगत. कॉलेजात सर भूशास्त्र शिकवायचे आणि आमचे मालक त्यांच्या लॅबमधे दगड घासून कागदाहून पातळ काप करायचे. सर मालकांना न्यायला आले, अंगणातला खडा उचलला आणि जिभेनं ओला करून बघत उभे राहिले. ओल्या दगडाचा रंग खरा दिसतो म्हणे. मी नवी नवरी. आत जाऊन विचारलं, बाहेर कोण उपाशी पाहुणे आलेत? सरांनी ते ऐकलं. म्हणाले, "वहिनी, चहा दिलात तर दगड ठेवतो."

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांचे विद्यार्थी गौरव अंक काढतायत, म्हणाले, काकू, तुम्हीपण लिहा. मी कळवणकडची, सातवी शिकलेली. सरांच्या विद्वत्तेवर बाकीचे लिहितील.

एकदा दोघं नागपूरकडच्या मँगनीजच्या खाणीत जाऊन आले. मालकांनी साडी आणली नाय, मुठीएवढा दगड आणला. पण काय रंग! पिकलेला पेरू आतून असतो तसा. सरांनी ओट्यावर बसून समजावलं. ह्याचं नाव रोडोनाइट. आत मँगनीज, सिलिकॉन, ऑक्सिजन. गुलाबी रंग मँगनीजचा. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या माळा असतात, पाच मणी झाले की तीच नक्षी पुन्हा. स्फटिकाच्या तिन्ही बाजू वेगळ्या, एकही कोन काटकोन नाय. मी मालकांकडं बघून म्हणलं, मग ह्यांचाच भाऊ. सर गंभीरपणे म्हणाले, "पण वहिनी, फुटतो मात्र जवळजवळ काटकोनात." सर चेष्टासुद्धा तपासून घेतात.

मालक गेले. खिडकीतला दगड हळूहळू काळा पडला. तांब्या घासतात तसा मी तो चिंचेनं घासला, पण ढिम्म. सरांना म्हणलं, दगडानं पण सुतक धरलंय. सर हसले नाहीत. भिंगातून बघत म्हणाले, हवेनं वरचं मँगनीज काळवंडतं, आतून तो तसाच गुलाबी असणार. खिशातली हातोडी काढली. तो रंग एकदा बघावा म्हणून माझा जीव लय तुटला. पण मी दगड पदराखाली घेतला.

मग सर मला लॅबमधे घेऊन गेले. त्याच दगडाचा, मालकांनी केलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली लावला, स्टूल पुढं ओढून दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. काप इतका पातळ, की गुलाबीपण उडून गेलेलं. नुसता उजेड. कापाखालची चकती फिरवली की अंधार, अजून फिरवली की परत उजेड. मला ह्यांची बोटं दिसली, दगडाच्या पिठानं पांढरी झालेली. मी बाहेर आले. सर रिक्षापर्यंत सोबत चालले.

तेव्हापासून दर दिवाळीला सर फराळाला येतात, हातोडी घेऊनच.

"फोडायचा का, वहिनी?"

"यंदा नको, सर."

मग माझ्या चकलीवर हातोडी धरून विचारतात, निदान ही तरी फोडू? आणि मालकांच्या गोष्टी निघतात.

गेल्या दिवाळीला मात्र सर म्हणाले, "हात कापतो आता. फोडायचा तर लवकर सांगा."

सर, तो गुलाबी रंग मला रोज बघावासा वाटतो. पण दगड फुटला की हातोडी घेऊन कोण येणार? मालकांचं नाव काढणारे आता तुम्हीच उरलात. म्हणून गोळ्या वेळेवर घ्या, हात जपा, ठणठणीत राहा. शंभरीच्या दिवाळीला हातोडी घेऊन या. मी तेव्हापण नाय म्हणणार हाय.