काडीचं शून्य

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. खालापुरातल्या बंगल्यांच्या वसाहतीचा तो पन्नाशीचा वॉचमन. नव्या मॅनेजरचा फतवा निघाला होता, आजपासून गेटवरच्या टँकरच्या वहीत आकडे रोमनच हवेत, म्हणे शोभा येते. रकाना कोरा राहिला तर वॉचमनचा खाडा.

मी पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं वाटायला गेले, तेव्हा तो स्टुलावर काड्यापेटीतल्या काड्यांनी आकडे शिकत होता. पाचाला दोन काड्या तिरक्या, दहाला फुली. शेवटच्या रकान्यावर अडला. तो रकाना खालच्या वाडीचा. वाडीला रोज एक टँकर द्यायची वसाहतीची लेखी कबुली होती, आणि वहीत रोज शून्य. दोन महिने आम्ही घोषणा देऊन घसे फोडले, साहेब ढिम्म.

"ताई, शून्य कसं करायचं? काडी वाकत नाय."

"रोमनमध्ये शून्य नसतंच, काका."

तो उठला. आत शिरणारा टँकर त्याने हात आडवा करून थांबवला. "वळव रं खाली, वाडीला."

"साहेब बोलले काय?" ड्रायव्हरने विचारलं.

"वहीत लिवायला आकडा नाय. एक तरी पायजे."

टँकर उतारावरून वाडीत पोचल्यावरच त्याने रकान्यात एक उभी रेघ ओढली आणि वही माझ्यापुढे धरली.

"बघा, बरोबर हाय ना?"

बरोबर होतं.