नलूची ट्रॉली

मैत्रीण नलू लेकीकडे कॅनडाला गेली, तेव्हा तिची गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहणारी इलेक्ट्रिक ट्रॉली माझ्याकडे ठेवून गेली. "लिथियमची बॅटरी आहे गं, अगदी रिकामी होऊ देऊ नकोस, पूर्ण भरूनही ठेवू नकोस. मी येईपर्यंत अर्धीच बरी." मी खेळत नाही, तिच्या सोबतीने मैदानावर नुसती चालायचे. ती गेल्यावर अधूनमधून बॅटरी चार्जिंगला लावून मी शेजारी चहा घेत बसायचे.

काल तिचा फोन आला. "ट्रॉली कुणाला तरी देऊन टाक. आता परत येणं होईलसं वाटत नाही."

"बरं," एवढंच म्हणाले.

रात्री बॅटरी पूर्ण भरली आणि सकाळी ट्रॉली घेऊन एकटीच मैदानावर गेले. चालताना लक्षात आलं, नलूची बाजू मी मोकळी सोडली होती.